‘आमचा माणूस’ म्हणजे कोण? एका तांडेलाच्या वंशावळीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्वीचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. त्यातल्या उघड्या समुद्रावरच्या एका कोळीवाड्यातले तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, वय 63. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी दर्यात काढलेली. ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं नाव देत नाही, आणि खाली येणारी माणसांची नावं बदललेली आहेत. मी त्यांना तांडेलकाका म्हणतो. ते मला गुरुजी म्हणतात, कारण माझी नोकरी शाळेत गेली. मोडी मी निवृत्तीनंतर शिकलो. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला आणि माझ्याकडेही माणसं कागद घेऊन येऊ लागली. बहुतेकांना जातीचा दाखला हवा असतो. तांडेलकाकांना तो नको होता.

त्यांच्या घरात दोन गोष्टी पिढीजात सांगितल्या जात. पहिली, आम्ही सात पिढ्यांचे तांडेल. दुसरी, रामदास बोट बुडाली तेव्हा आमच्या आज्याने माणसं वाचवली. 17 जुलै 1947 ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे चाललेल्या कोळ्यांनी बरेच जण पाण्यातून काढले, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. गावातल्या एका मंडळाने नारळी पौर्णिमेला जेट्टीजवळ फलक लावायचं ठरवलं होतं आणि मसुद्यात काकांच्या आज्याचं नाव ‘तांडेल’ म्हणून घातलं होतं. फलकाआधी वंशावळ नीट कागदावर यावी, एवढंच काकांचं म्हणणं.

वेळ थोडा होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे काका घरी. हे 61 दिवस आमच्या हातात होते.

अडचण

वंशावळ म्हटलं की लोक सातबारा आणि फेरफार काढायला धावतात. शेतकऱ्याच्या घरात ते चालतं, कारण बाप मेला की वारसाची नोंद होते आणि पिढ्या आपोआप जोडल्या जातात. कोळीवाडा वाळूवर वसलेला. गावठाणातल्या घराला सातबारा नाही, आणि या गावात मिळकत पत्रिकाही झालेल्या नव्हत्या. हे मला आधी सुचायला हवं होतं, तरी पहिला आठवडा मी तलाठी सजेत घालवला. हाती लागलं ते शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यांचं.

दुसरी अडचण तांडेलकीची. तांडेल होडी चालवतो, जाळं कुठे टाकायचं ते ठरवतो, खलाश्यापेक्षा जास्त वाटा घेतो. होडी मात्र नाखव्याची. कर्ज, परवाना, नोंदणी सगळं मालकाच्या नावे. आजचे परवाने 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचे, त्यावरही मालकच. तेव्हा 1947 साली दुसऱ्याची होडी हाकणाऱ्या माणसाचं नाव बंदराच्या कागदात सापडेल ही आशाच नव्हती.

तिसरी अडचण नावांची. नातवाला आज्याचं नाव. त्यामुळे हिरूचा पोशा, पोशाचा हिरू, हिरूचा पुन्हा पोशा. एखादा ‘हिरू पोशा’ सापडला तर तो कितव्या पिढीतला हे नावावरून कळत नाही. त्यात आडनाव कधी कोळी, कधी तांडेल, तर कधी काहीच नाही.

समोर असलेले मार्ग

काकांच्या पडवीत बसून आम्ही चार वाटा मोजल्या. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही. शाळेचं जनरल रजिस्टर. मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासद रजिस्टर. आणि म्हाताऱ्या माणसांची तोंडी माहिती.

काकांच्या पुतण्याने डीएनए तपासणीचं काढलं. थुंकीची नळी पाठवली की सगळं कळतं, असं त्याने कुठेतरी पाहिलेलं. मी त्याला एवढंच विचारलं, की त्या नळीतून तुझ्या पणज्याचं नाव कसं कळणार? तो विषय तिथेच थांबला. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांचाही विचार झाला. घरातलं कोणी अस्थी घेऊन गेलं असेल तर त्या वह्यांत चार पिढ्या एका पानावर मिळतात. पण या घरातलं कोणी नाशिकला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती वाट मागे ठेवली.

क्रम कसा लावायचा, हा पहिला निर्णय. मला कागद आधी हवे होते. काका म्हणाले, आत्या ब्याऐंशीची आहे, कागद काय पळून जातात? त्यांचंच बरोबर होतं. आम्ही आत्याबाईंकडे आधी गेलो आणि तिथेच मी घोटाळा केला.

आत्याबाईंना विचारलेला प्रश्न

आत्याबाई म्हणजे काकांच्या वडिलांची धाकटी बहीण. ओटीवर बसून सुकट निवडत होत्या. मी मोबाईलवर आवाज टिपायला लावला आणि विचारलं, “रामदास बोटीतली माणसं काढली ती तुमच्या वडिलांनीच ना?”

“हां.”

“तेव्हा ते तांडेल होते?”

“हां, तांडेलच.”

झालं. मी खूश, पुतण्या खूश. घरी येऊन टिपण ऐकलं तेव्हा ध्यानात आलं, की तिथे सगळं मीच बोललो होतो. वर्गात मुलांना असा प्रश्न विचारला तर मुलंही हो म्हणतात, हे मला माहीत असायला हवं. तरी त्या दिवशी मी टिपणवहीत ‘आत्याबाईंकडून दुजोरा’ असं लिहून ठेवलं. ते दोन शब्द पुढे तीन आठवडे नडले.

कोतवाल बुक

तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज केला आणि आठवड्याने वह्या पाहायला मिळाल्या. कोतवाल बुकाचं एक वैशिष्ट्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकवतं. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं, कारण नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं. ‘पोशा हिरू कोळी यास मुलगा’ एवढंच. अशा दोन नोंदी मिळाल्या, 1907 ची आणि 1909 ची. यातला काकांचा आजा, म्हणजे हिरू, कुठला, हे आजही सांगता येत नाही. आईचं नाव कुठल्याच नोंदीत नव्हतं.

पोशाच्या मृत्यूची नोंद शोधताना 1918 ची वही उघडली. ऑक्टोबरपासून पानं बदलतात. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी, इथे एकेका दिवसाला चार-पाच, आणि कारणाच्या रकान्यात खाली खाली तोच शब्द, ताप. लिहिणारा थकत गेलेला अक्षरावरून दिसतो. सुरुवातीला पूर्ण नाव, जात, वय. पुढे पुढे नुसतं नाव आणि खाली आडव्या रेघोट्या. ही इन्फ्लुएन्झाची साथ. त्या रांगेत पोशा हिरू कोळी सापडला. तेव्हा त्याचा मुलगा हिरू नऊ किंवा अकरा वर्षांचा.

मग हिरू. त्याची नोंद मी एकदा ओलांडून पुढे गेलो होतो. घाईच्या मोडीत वेलांटी वरच्या आडव्या रेषेत मिसळते, मी ‘हरू’ वाचलं आणि पान उलटलं. दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा नीट पाहिलं. हिरू पोशा कोळी, मयत, ऑगस्ट 1944, ताप.

1944. रामदास बुडाली 1947 ला.

दोन हिरू

हा दुसरा निर्णयाचा क्षण. माझ्या वहीत ‘दुजोरा’ लिहिलेला होता, त्यामुळे मी आधी कागदावर संशय घेतला. गावात दुसरा हिरू पोशा असणार. शोधल्यावर तो मिळालाही! खालच्या आळीतला, 1958 ला वारलेला. पुतण्याने लगेच निकाल दिला, हाच आपला. तारखा जुळत होत्या, गोष्ट वाचत होती, मंडळाचा मसुदा बदलायला नको होता. सगळ्यांच्या सोयीचा हिरू.

मी त्याला वंशावळीत घालायच्या बेतात होतो. काकांनी थांबवलं. जाळ्याची फाटलेली बाजू मांडीवर घेऊन ते शिवत होते. सुई हलतच होती.

“गुरुजी, आषाढ महिना होता ना तो?”

“हो. आषाढ संपत आलेला, अमावास्येच्या आसपास.”

“मंग आज्या तिथं गेला कसा? पावसात आमच्या होड्या वर काढून झापांनी शाकारलेल्या. तेव्हा इंजिनं नव्हती, शिडाच्या होड्या. आषाढात आमच्या इथून बाहेर पडणारा मानूस परत येत नाही. रेवसची गोष्ट वेगळी. ती धरमतरच्या खाडीच्या तोंडाला. आतल्या होड्या दोन सरींच्या मधी मुंबई गाठतात.”

ही शंका त्यांना किती दिवसांपासून होती? “मी तांडेल झालो तेव्हापासून,” ते म्हणाले. म्हणजे तीसेक वर्षं. घरात कुणाला बोलले नाहीत, कारण गोष्ट आजीने सांगितलेली आणि आजी खोटं बोलणारी नव्हती.

शाळेच्या रजिस्टरने वाद मिटवला. काकांचे वडील पोशा हिरू कोळी, जन्मतारीख 1 जून 1934. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण गुरुजी तीच तारीख लावून मोकळे होत. तेव्हा वर्ष घ्यायचं, तारीख सोडून द्यायची. शाळा सोडल्याचा महिना नोव्हेंबर 1944. शेऱ्याच्या रकान्यात सुबक बाळबोध अक्षरात: ‘वडील वारले. धंद्यास लागला.’ खालच्या आळीतला हिरू 1958 पर्यंत जिवंत होता. काकांचा आजा तो नव्हे.

आता आत्याबाईंकडे पुन्हा जाणं भाग होतं. या वेळी मी गप्प बसायचं आणि काकांनी विचारायचं, असं ठरलं. त्यांनी विचारलं, “आत्या, आये काय सांगायची गं, बोटीचं?”

आत्याबाईंनी डोळे मिटले आणि आईच्या बोलीत वाक्य काढलं. “आमचे मानसान लोका काढली पान्यानशी.” मग आपणहून पुढे, “मना बापूस आठवत नाय. मी लहान व्हते, तवाच गेला.”

आमच्या माणसाने लोकांना पाण्यातून काढलं. नवऱ्याचं नाव न घेणारी बाई नवऱ्याला काय म्हणते? आमचा माणूस. नातवंडांनी तो अर्थ धरला. दुसरं कोणाला आमचा माणूस म्हणते? माहेरच्याला. आजी आयुष्यभर सासरी राहिली, तरी सत्तरीतही तिच्या ‘आमच्या’त माहेर होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी मोडीतली वेलांटी सोडवत बसलो होतो.

आजीचं माहेर रेवसच्या बाजूचं.

रेवसच्या बाजूला

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काका आणि मी एसटीने गेलो. आजीच्या भावाचं घर सापडायला अर्धा तास लागला. फार नाही, कारण कोळीवाड्यात कुणाची बहीण कुठे दिली हे लोक विसरत नाहीत. त्या भावाची मुलगी, चौऱ्याऐंशीची, लग्नानंतरही त्याच गावात राहिलेली. तिने काकांना बसवलं, चहा दिला आणि मगच कोण कुठले विचारलं.

मी काहीच विचारलं नाही. काका म्हणाले, “मावशी, तुमचे बापूस दर्यात काय काय करायचे ते सांगा.” अर्धा तास दुसरंच चाललं. मासळी, दलाल, एक बुडालेली होडी, एक फसलेलं लग्न. मग ती स्वतःच बोटीवर आली. बापूस मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या होडीवर होता. माणसं वर घेता घेता होडी कलंडायला आली, तेव्हा मासळी पाण्यात टाकली. घरी आला तर कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हातांवर नखांचे ओरखडे. ते भरून आले तरी पांढरे वण दिसायचे. ती लहानपणी त्यावरून बोट फिरवायची.

“तांडेल होते का?” हे मात्र काकांनी न राहवून विचारलं.

“नाय. खलाशी. तांडेल दुसरा व्हता.” आणि त्या दुसऱ्या घराकडे हात करून तिने दाखवलं.

याला लेखी पुरावा नाही. ओरखड्यांची आठवण एका मुलीची, तीही लहानपणची. पण गोष्ट कुठल्या घराची आहे एवढं तरी तिने नीट लावून दिलं. परत येताना एसटीत काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

निष्पन्न

घरात मानलेल्या दोन गोष्टींपैकी रामदासची गोष्ट उरली, पण दुसऱ्या घरी गेली आणि तिच्यातला तांडेल खलाशी झाला. सात पिढ्यांच्या तांडेलकीचा तर मागमूसही मिळाला नाही. कोतवाल बुकात सगळीकडे कोळी, शाळेत कोळी. ‘तांडेल’ पहिल्यांदा येतो तो सहकारी संस्थेच्या आय नमुन्यातल्या सभासद रजिस्टरात, साठच्या दशकात, काकांच्या वडिलांपुढे. पोशा हिरू तांडेल. वारस म्हणून नामनिर्देशन: नागूबाई हिरू, नातं आई. पोशाचं तेव्हा लग्न झालेलं होतं, तरी वारस बायको नाही, आई.

आधीच्या पिढ्यांत कोणी तांडेल नव्हतं, असं मी म्हणत नाही. कोतवाल धंदा लिहीत नव्हता. पण लिहिता येईल असं पहिलं नाव पोशाचं. दहाव्या वर्षी बाप गेला, शाळा सुटली, दुसऱ्याच्या होडीवर पाणी उपसायला लागला, आणि तिशीच्या आसपास त्याच्या नावापुढे संस्थेच्या सचिवाने कोळीच्या जागी तांडेल लिहिलं. आई पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकत होती.

हे काकांना कधी आणि कसं सांगायचं, याची मला उगाच काळजी होती. मी सगळे कागद क्रमाने मांडले आणि शेवटी रजिस्टरची नक्कल ठेवली. ते चष्मा लावून वाचत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे बाबाच पहिला तांडेल.” आणि बायकोला हाक मारली, ये, हे बघ.

मंडळाच्या बैठकीत त्यांनी स्वतः उठून आज्याचं नाव मागे घेतलं. एक-दोघांना ते रुचलं नाही. कोण बघायला आलंय, राहू द्या की, असं सूचवून झालं. काकांनी रेवसकडच्या घराची नावं सुचवली, तर ते आपल्या गावचे नाहीत म्हणून नको. फलकावर शेवटी दुर्घटनेची तारीख आणि एक सर्वसाधारण ओळ आली. पुतण्या अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.

वेगळं काय करता आलं असतं

आत्याबाईंना पहिला प्रश्न उघडा विचारायला हवा होता, याबद्दल आता दुमत नाही. पण त्याहून मला लागतं ते हे, की काकांना मी समुद्राबद्दल काही विचारलंच नाही. ज्याची वंशावळ काढायची त्याला मी कागद आणणारा माणूस समजलो. पहिल्या बैठकीत ‘ही गोष्ट तुम्हाला पटते का?’ एवढं विचारलं असतं तर तीस वर्षांची शंका जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेर आली असती आणि दुसऱ्या हिरूच्या मागे मी लागलोच नसतो.

टिपणवहीत आता मी दोन रकाने ठेवतो. एकात माणूस जे वाक्य बोलला ते, त्याच्याच बोलीत. दुसऱ्यात मला त्याचा कळलेला अर्थ, शिसपेन्सिलीने.

एका गोष्टीवर अजून माझंच मन ठरत नाही. वाचवलेल्या माणसांची गोष्ट वंशावळीत घ्यावी का? ती रक्ताच्या रेषेत बसत नाही, पुराव्यातही पुरती बसत नाही. काकांना हवी होती. आम्ही आजीपासून बाजूला एक तुटक रेष काढली, तिच्या टोकाला भाऊ, आणि त्याखाली ‘सांगितलेली गोष्ट’ असं लिहून कुणी, कधी सांगितली ते घातलं.

आता कुठवर आलंय

वंशावळीत काकांच्या वर चार पिढ्या बसल्या आहेत. सर्वांत वरचा हिरू फक्त त्याच्या मुलाच्या नावामुळे माहीत. 1907 आणि 1909 च्या दोन मुलांपैकी एका चौकटीत ‘हिरू’, दुसऱ्यात ‘नाव माहीत नाही’, आणि दोघांत बाण दोन्हीकडे. नाशिकच्या वह्या पाहायच्या राहिल्या आहेत.

आजीच्या चौकटीत ‘नागूबाई’ लिहिलं होतं. रेवसहून निघताना मावशी दारापर्यंत आली आणि काकांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “बुधीचा नातू तू. कपाल तिचंच.” काका थबकले. लग्नात नाव बदललेलं, आणि माहेरचं नाव सासरी कुणी कधी घेतलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि चौकटीत नागूबाईच्या वर, जरा वाकड्या अक्षरात, स्वतः लिहिलं: बुधी.